पार्टचा व्हॉल्यूम आणि अॅक्युरसी सेटिंग (कॅड)

कॅडमधे, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन काढायच्या सॉफ्टवेअरमधे, पार्ट काढून झाला की तो नक्की किती घनफळाचा आहे हे सॉफ्टवेअरकडून मोजून घेणं म्हणजे व्हॉल्यूम चेक करणं, आणि तो आकडा कितपत खरा मानायचा हे बऱ्याच अंशी अॅक्युरसीच्या सेटिंगवर ठरतं. वजन, मटेरियलचा खर्च, मोल्डमधे किती प्लास्टिक जाणार हे सगळं इथूनच निघतं. कोल्हापूरकडे फाउंड्रीत कास्टिंगचा भाव किलोवर धरतात आणि ग्रे आयर्न (एक प्रकारचं बीड) पडतं साधारण ७.२ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, म्हणजे व्हॉल्यूम २ टक्के चुकला की वजन २ टक्के चुकलं आणि कोटेशनपण.

सॉफ्टवेअर आतून काय करतं तर सॉलिडच्या (भरीव आकाराच्या) बाहेरच्या सगळ्या फेसेसवरून (पृष्ठभागांवरून) इंटिग्रेशन करून आतली जागा काढतं. म्हणून फेसेस एकमेकांना नीट जुळून बंद झालेले पाहिजेत. कुठे फट राहिली तर तो सॉलिडच नाही, नुसती सरफेस आहे, आणि मग व्हॉल्यूम येतच नाही किंवा आला तरी त्याला अर्थ नसतो.

इथे तीन वेगळ्या गोष्टींची कायम गल्लत होते: मॉडेलची अॅक्युरसी (आकार किती बारकाईने धरायचा), मोजणीची अॅक्युरसी (हिशोब किती बारकाईने करायचा) आणि स्क्रीनवर दिसणारी दशांश स्थळं. दशांश स्थळं २ ची ६ केली म्हणून उत्तर अचूक होत नाही, फक्त लांब दिसतं.

मॉडेलची अॅक्युरसी समजून घ्यायला पीटीसी कंपनीचं क्रिओ हे कॅड सॉफ्टवेअर चांगलं, म्हणजे पूर्वीचं प्रो/इंजिनियर. त्यात रिलेटिव्ह आणि अॅब्सोल्यूट (पार्ट केवढाही असो, थेट लांबीत ठरवलेली) असे दोन प्रकार आहेत. रिलेटिव्हची नेहमीची डिफॉल्ट किंमत ०.००१२, आणि ती पार्टच्या एकूण साइझच्या प्रमाणात लागू होते. म्हणजे १००० मिमीच्या पार्टवर हिशोब १.२ मिमीचा झाला, त्याहून बारीक एज (कड) असेल तर फीचर (भोक, गोलाई असा पार्टचा एखादा भाग) फेल होऊ शकतं किंवा जॉमेट्री गडबडते, आणि तीच किंमत १० मिमीच्या पार्टला मात्र मस्त चालते. मोठ्या पार्टवर बारीक कोरीवकाम असेल किंवा मोल्डसाठी एका पार्टमधून दुसरा वजा करायचा असेल तर माझ्या मते सरळ अॅब्सोल्यूट घ्यावं आणि दोन्ही पार्टला सारखंच ठेवावं, नंतरचा बराच त्रास वाचतो. अॅक्युरसी बदलली की अख्खं मॉडेल रीजनरेट होतं (नव्याने बनतं), वेळ लागतो, फाइल वाढते, म्हणून गरज नसताना उगाच टाइट करू नये.

सॉलिडवर्क्स या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरमधे मास प्रॉपर्टीजच्या (वजन-व्हॉल्यूम दाखवणाऱ्या कमांडच्या) ऑप्शन्समधे मोजणीच्या अॅक्युरसीचा वेगळा स्लायडर असतो, जितका वर न्याल तितका हिशोब हळू पण जास्त नेमका. इमेज क्वालिटीचा स्लायडर वेगळा, त्याने गोल भाग स्क्रीनवर गुळगुळीत दिसतात, खऱ्या सॉलिडच्या व्हॉल्यूमला काही होत नाही. ऱ्हायनो या सॉफ्टवेअरमधे व्हॉल्यूमच्या आकड्यासोबत अधिक-उणे चुकीचा अंदाजही छापून येतो, ही सोय सगळीकडे हवी होती असं वाटतं.

एसटीएल फाइलवरून (थ्रीडी प्रिंटिंगला वापरतात ती) मोजलं तर गोष्टच बदलते, कारण तिथे गोलाई राहात नाही, सपाट त्रिकोण असतात. सिलिंडरचा गोल १२ सरळ बाजूंचा झाला तर व्हॉल्यूम साधारण ४.५ टक्के कमी भरतो, ३६ बाजू असतील तर अर्धा टक्का. भोक असेल तर उलट, तिथे भोक लहान होऊन मटेरियल जास्त दिसतं.

सेटिंगवर भरवसा ठेवण्याआधी ज्याचा व्हॉल्यूम हाताने हिशोब करून काढता येईल असा पार्ट करून बघावा. १०० × १०० × १० मिमीची प्लेट, मधे २० मिमी व्यासाचं आरपार भोक: उत्तर ९६,८५८.४१ घन मिमी, आणि ७८५० किलो प्रति घनमीटरचं स्टील धरलं तर वजन ०.७६० किलो. सॉफ्टवेअरने हेच दिलं तर युनिट आणि डेन्सिटी बरोबर लागलेत. आकडा भलताच आला तर आधी युनिट बघा, कारण इंच आणि मिमीची गल्लत झाली की व्हॉल्यूम १६,३८७ पट इकडचा तिकडे होतो.