सौरडागांवरून येणाऱ्या रेडिओ लहरी आणि क्ष-किरण

२३ नोव्हेंबर १९४६ रोजी कॅनडातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले. ओटावा येथे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ आर्थर कव्हिंग्टन तेव्हा सूर्याकडून येणाऱ्या, सुमारे १०.७ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी मोजत होते. चंद्राने सौरडागांचा एक मोठा समूह झाकताच संकेताची तीव्रता ठळकपणे घसरली. साध्या प्रकाशात काळपट दिसणारी जागा रेडिओ लहरींत मात्र सर्वांत तेजस्वी होती.

क्ष-किरणांतही हेच दिसते आणि दोहोंचे मूळ चुंबकीय क्षेत्रात आहे. डागातील दोन-तीन हजार गॉसचे (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) क्षेत्र खालून वर येणारी उष्णता अडवते, म्हणून डाग थंड राहतो. पण त्याच्यावर किरीटात, म्हणजे सूर्याच्या विरळ बाह्य वातावरणात, उठलेल्या चुंबकीय कमानींमध्ये काही दशलक्ष अंश तापलेला वायू कोंडलेला असतो आणि त्यातून क्ष-किरण बाहेर पडतात. पृथ्वीचे वातावरण ते शोषून घेत असल्याने दुर्बिणी अवकाशात न्याव्या लागतात.

रेडिओ लहरी जमिनीवर पोचतात, आणि माझ्या मते त्यांचे खरे मोल वेगळेच आहे. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल फिरतात, दर गॉसमागे सेकंदाला सुमारे २८ लाख फेऱ्या या हिशेबाने, आणि मुख्यतः त्याच्या दुप्पट-तिप्पट वारंवारतेला लहरी सोडतात. त्यामुळे डागावर ५ गिगाहर्ट्झला तेजस्वी कडे दिसले आणि ते तिप्पट वारंवारतेचे असेल, तर तेथील क्षेत्र सुमारे ६०० गॉस आहे, हे गणिताने सांगता येते. किरीटाचे क्षेत्र दृश्य प्रकाशातून मोजणे अतिशय अवघड असल्याने ही सोय फार मोठी आहे.

सौरज्वाला भडकते तेव्हा दोन्ही प्रारणांचे नाते उघड होते. कमानीत साठलेली चुंबकीय ऊर्जा एकदम मोकळी होऊन इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने सुटतात. क्षेत्ररेषांभोवती गिरक्या घेताना ते सूक्ष्मलहरी सोडतात, आणि कमानीच्या दोन्ही पायथ्यांशी दाट वायूवर आदळताना उच्च ऊर्जेचे क्ष-किरण. म्हणून दोन्हींच्या आलेखांतील शिखरे जवळजवळ एकाच क्षणी येतात. आदळण्याने तापलेला वायू नंतर वर चढून कमान भरतो, आणि कमी ऊर्जेचे क्ष-किरण काही मिनिटे वाढत राहतात. काही इलेक्ट्रॉन मात्र मोकळ्या क्षेत्ररेषांवरून अवकाशात निसटतात. वाटेत वायू विरळ होत जातो तशी त्यांच्या रेडिओ संकेताची वारंवारता काही सेकंदांतच शेकडो मेगाहर्ट्झवरून झपाट्याने उतरते, आणि या घसरणीच्या वेगावरून त्यांची गती काढता येते: प्रकाशाच्या सुमारे एक तृतीयांश.