विमानतळाचा गल्ला

मुंबईचा विमानतळ ‘विकला’, असं आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात जमीन आजही भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, म्हणजे सरकारकडेच आहे. २००६ मध्ये ती ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली, नवं बांधकाम करून विमानतळ चालवण्याच्या हक्कासह. ज्या कंपनीला दिली तिच्यात ७४ टक्के समभाग खासगी गटाचे, २६ टक्के प्राधिकरणाचे. सुरुवातीला सूत्रं जीव्हीकेकडे होती, २०२१ पासून अदानी समूहाकडे आहेत. विमानांना उतरायची परवानगी देणारे नियंत्रक मात्र प्राधिकरणाचेच आणि दारावर ओळखपत्र बघणारे जवान सीआयएसएफचे.

भाडं किती? कंपनीच्या गल्ल्यात रुपया पडला की त्यातले ३८.७ पैसे प्राधिकरणाचे. नफ्यातले नव्हेत, मिळकतीतले!

आता खरी मेख. तिकिटावर जी ‘यूडीएफ’ची ओळ असते, ते विमानतळ वापरण्याबद्दल प्रवाशाने द्यायचं शुल्क कंपनी मनाला येईल तसं लावू शकत नाही. ‘एरा’ ही नियामक संस्था धावपट्टी, टर्मिनल यांचा खर्च, घसारा आणि गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा धरून पाच वर्षांचा हिशेब मांडते आणि दर ठरवते. त्या खर्चात हे ३८.७ टक्के धरत नाहीत. म्हणजे ते भरून काढायला दुकानं, पार्किंग, जाहिराती यांचाच आधार. या कमाईतला ३० टक्के भाग तेवढा आपलं शुल्क हलकं करायला वापरतात.

सुरक्षा तपासणी झाली, पट्टा कमरेला लावला, की समोर सरळ गेट नसतं. अत्तरं आणि चॉकलेटांमधून वळत जाणारी वाट असते. ती तशी का आखतात, हे या हिशेबातून उलगडतं.

विमान कंपन्यांची जुनी मागणी आहे की सगळ्याचा गल्ला एकच धरा. दुकानाची पूर्ण कमाई शुल्कातून वजा करा. मला ती पटते, कारण त्या दुकानांना गिऱ्हाईक मिळतं ते विमानांमुळेच. पण मग दुकानं नीट चालवण्यात कंपनीला रस उरणार नाही, हा आक्षेपही पोकळ नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली. तिथेही ७४ टक्के अदानी समूहाचे, २६ टक्के सिडकोचे. एकाच शहराचे दोन्ही विमानतळ एकाच समूहाच्या हाती असले, की प्रवासी ओढण्यासाठी दर उतरवायची चढाओढ लागत नाही. तिथे ‘एरा’ने प्रत्येक खर्चाचा कागद तपासणं, एवढाच आपला आधार.