दात खाणं आणि श्वास अडणं

घरात कुणी झोपेत दात खाऊ लागलं की आपल्याकडे पहिला संशय पोटातल्या जंतांवर. लहान मूल असेल तर जंतांचं औषध, मोठं माणूस असेल तर "फार टेन्शन घेतोस" एवढं बोलून विषय संपतो. माझ्या मामांच्या बाबतीतही तेच झालं. दाढा झिजल्या, सकाळी कानशिलं ठणकू लागली, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी वरच्या दातांचं माप घेऊन कडक अ‍ॅक्रिलिकचा नाइट गार्ड करून दिला. दात वाचले. पण मामी म्हणायची, "हे तोंडात घातल्यापासून घोरणं वाढलंय." तिच्या बोलण्याकडे कुणीच फारसं लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

झोपेत दात खाणं हे बहुतेक वेळा एका क्षणिक जागेपणाच्या पाठोपाठ येतं. हा जागेपणा इतका छोटा असतो की सकाळी आठवतही नाही. आधी मेंदूतल्या लहरी बदलतात, मग हृदयाचे ठोके वाढतात आणि त्यानंतर जबड्याचे स्नायू सेकंदाला साधारण एकदा या ठेक्यात आवळू लागतात. असे क्षणिक जागेपण स्लीप अ‍ॅप्नियात, म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडण्याच्या आजारात, रात्रभर येत राहतात. घसा सैल पडून मिटतो, श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ अडतो आणि मेंदू माणसाला झोपेतून किंचित वर खेचतो. तासाला अशा 5 ते 15 घटना झाल्या तर आजार सौम्य, 30 च्या पुढे गेल्या तर तीव्र समजतात. दात खाणाऱ्या प्रत्येकाला अ‍ॅप्निया असतो असं अजिबात नाही. जबडा घसा मोकळा करण्यासाठीच हलतो, ही कल्पनाही अजून सिद्ध झालेली नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच माणसात सापडणं काही दुर्मीळ नाही.

मामीचं निरीक्षण खरं असू शकतं, हे माँट्रियलच्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं. अ‍ॅप्निया असलेल्या 10 जणांना त्यांनी वरच्या दातांवर बसणारा गार्ड घालून झोपवलं. त्यांतल्या 5 जणांमध्ये श्वासाचे अडथळे 50 टक्क्यांहून जास्त वाढले. माणसं फक्त दहा, त्यामुळे यावरून सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही. कारण मात्र समजण्यासारखं आहे. दातांमध्ये जाड थर आला की खालचा जबडा बिजागरीसारखा खाली आणि थोडा मागे फिरतो, जीभही त्याच्याबरोबर मागे सरकते, आणि आधीच अरुंद असलेली वाट आणखी आवळते.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: घोरणं, दिवसा पेंगणं, उठल्या उठल्या डोकं दुखणं यांतलं काही असेल, तर गार्डचं माप देण्याआधी दातांच्या डॉक्टरांना ते सांगा आणि झोपेची तपासणी करून घ्या.

मामांच्या तपासणीत अ‍ॅप्निया निघाला आणि सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, घरी आलं. हे तंत्र सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये पाच रुग्णांवरच्या अनुभवासह जगापुढे मांडलं. सुरुवातीच्या काळात मास्कसाठी रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घ्यावा लागे, अगदी आपण गार्डसाठी दातांचा घेतो तसा. मशीन हवेच्या दाबाने घसा आतून उघडा धरतं. तो दाब पुरेसा असेल, तर गार्डमुळे जबडा जरा मागे गेला तरी सहसा बिघडत नाही. त्यामुळे दोन्ही एकत्र वापरता येतात.

अडचण येते ती मास्कची. गार्डमुळे तोंड किंचित उघडं राहतं. मास्क फक्त नाकावरचा असेल तर हवा ओठांतून निसटते आणि सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असते. असं कोरडं तोंड दातांना वाईट, कारण कीड रोखणारी लाळच कमी पडते. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कची कड गार्डने फुगलेल्या ओठांवर नीट बसत नाही. मामांना मास्क बसवताना गार्ड डबीतच होता, त्यामुळे पहिले पंधरा दिवस हवा फुसफुसत राहिली. गार्ड तोंडात घालून, आडवं पडून मास्क बसवून बघा, आणि नंतर मशीनमधली गळतीची नोंद डॉक्टरांना दाखवा. गार्ड शक्य तितका पातळ मागा. गरम पाण्यात मात्र तो धुऊ नका, वाकतो.

अ‍ॅप्नियासाठी खालचा जबडा पुढे ओढून धरणारं एक वेगळं उपकरणही मिळतं. दिसायला गार्डसारखंच, पण काम उलट. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

दात खाणं ज्याचं श्वासामुळे असतं, त्याचं मशीन लागल्यावर कमी होऊ शकतं. 2002 मध्ये इस्रायलमधल्या एका रुग्णाचं असं पूर्ण थांबल्याची नोंद आहे. सगळ्यांचं थांबत नाही, आणि झिजलेलं इनॅमल परत येत नाही, म्हणून गार्ड आपल्या मनाने सोडू नये. तो दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना नेऊन दाखवावा. मामांचा जुना गार्ड उजेडात धरला की दाढांच्या जागी घासून घासून चकाकणारे चट्टे दिसायचे. नव्यावर आठ महिन्यांनंतर डाव्या सुळ्यापाशी एक पुसट रेघ आहे.