गावठाणापर्यंत आलेली, शिवारात न पोहोचलेली रेंज

ग्रामीण भागातील मोबाइल सेवेविषयीचे सरकारी आकडे आणि शेतकऱ्यांचा अनुभव यांचा मेळ बसत नाही, याचे एक कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. दूरसंचाराच्या आजवरच्या ग्रामीण योजनांनी गाव किंवा ग्रामपंचायत हेच एकक धरले. शेतकऱ्याचा दिवस मात्र शिवारात जातो, आणि गावठाणापासून दोन-तीन किलोमीटरवर असलेल्या त्या शिवाराला या हिशेबात स्वतंत्र जागा मिळाली नाही.

ही पद्धत मोबाइलच्या आधीपासूनची आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने खेड्यांसाठी १२८ लाइनचे छोटे टेलिफोन एक्स्चेंज तयार केले. धूळ आणि उष्मा सोसून, वातानुकूलनाशिवाय चालेल अशा बेताने ते रचलेले होते, आणि त्यातले पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसले. त्या काळी अख्ख्या गावात एक सार्वजनिक फोन असणे हीच मोठी सुधारणा होती. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत प्रत्येक गावात दूरध्वनी पोहोचवण्याचे उद्दिष्ट ठेवले, तेही याच हिशेबाने. ते वेळेत गाठता आले नाही. अनेक गावांत रेडिओ लहरींवर चालणारे सार्वजनिक फोन बसवले गेले, पण त्यांतील बरेचसे सतत नादुरुस्त राहिल्याने पुढे बदलावे लागले.

१९९५ मध्ये देशात मोबाइल सेवा सुरू झाली. परवान्यांसाठी महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल करण्यात आले आणि मुंबई वेगळी ठेवण्यात आली, त्यामुळे सर्वाधिक कमाईचे महानगर आणि राज्याचा उरलेला प्रदेश यांचे परवाने पहिल्यापासून वेगळे राहिले. सेवाविस्ताराची अट कंपन्यांवर होती, पण ती जिल्ह्याच्या ठिकाणांपुरती: पहिल्या वर्षी १० टक्के आणि तीन वर्षांत ५० टक्के जिल्हा मुख्यालये जोडायची, आणि मुख्यालयाऐवजी त्याच जिल्ह्यातील दुसरे एखादे शहर घेतले तरी चालत असे. ज्या अटीत तालुक्याचाही उल्लेख नाही, तिच्यामुळे खेड्यात टॉवर उभा राहण्याचे कारण नव्हते. त्यात सुरुवातीला बोली लावून घेतलेल्या परवान्यांचे शुल्क कंपन्यांना डोईजड झाले होते. १९९९ च्या नव्या धोरणाने त्याऐवजी महसुलातील वाटा घेण्याची पद्धत आणली आणि ग्रामीण सेवेसाठी वेगळ्या निधीची कल्पना मांडली.

हा सार्वत्रिक सेवा दायित्व निधी २००२ मध्ये अस्तित्वात आला आणि २००३ च्या कायदादुरुस्तीने त्याला वैधानिक आधार मिळाला. कंपन्यांच्या समायोजित (म्हणजे ठरावीक वजावटी करून उरलेल्या) महसुलाच्या ५ टक्के रक्कम त्यात जमा होऊ लागली. मात्र मोबाइलसाठी पैसे देण्याची तरतूद सुरुवातीच्या कायद्यात नव्हती, आणि ज्या काळात ग्रामीण भागात १०० माणसांमागे २ फोनसुद्धा नव्हते, त्या काळात ही त्रुटी लहान म्हणता येणार नाही. २००६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २००७ पासून सेवा नसलेल्या भागांत ७,००० हून अधिक टॉवर उभारण्याची योजना राबवली गेली. तरीही जमा रकमेचा मोठा भाग वर्षानुवर्षे अखर्चित राहिला.

टॉवर आला म्हणजे रेंज आली, असेही नाही. टूजी सेवेतील ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर जातात. पुढे थ्रीजीसाठी २१०० आणि फोरजीसाठी १८०० व २३०० मेगाहर्ट्झचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला, आणि वारंवारता जितकी जास्त तितका एका टॉवरचा आवाका कमी होतो. शहरात टॉवर दाट असल्याने हे जाणवत नाही. सह्याद्रीच्या दऱ्यांत, सातपुड्याच्या पाड्यांत किंवा विखुरलेल्या वाड्यांच्या कोकणात मात्र डोंगराची एक सोंड आड आली तरी फोन मुका होतो. त्यात विजेची भर. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, बॅटरी संपल्यावर डिझेल जनरेटरवर, आणि डिझेल वेळेवर आले नाही तर बंद पडतो. अनेक ग्रामीण टॉवर केबलऐवजी मायक्रोवेव्ह लहरींनी एकमेकांना जोडलेले असल्यामुळे मधला एक बंद पडला की त्याच्या पलीकडचेही गप्प होतात. जिथे केबल आहे तिथे रस्ता रुंदीकरणाचा किंवा जलवाहिनीचा जेसीबी ती तोडतो.

केबलचे जाळे गावोगावी नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या या प्रकल्पाला पुढे भारतनेट हे नाव मिळाले. पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायती २०१७ च्या अखेरीस पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, आणि दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने हे काम महाआयटी या राज्य सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीमार्फत महानेट या नावाने स्वतःकडे घेतले. केबल ग्रामपंचायत कार्यालयात थांबते आणि तिथून पुढे ती कोणी न्यायची, हा प्रश्न मात्र मागे राहिला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १.३९ लाख कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, त्यात घरजोडणी आणि देखभाल यांवर भर आहे.

दरम्यान शेतीची कामे फोनवर आली. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो व जागेची नोंद सातबारासाठी पाठवायची असे ठरले. रेंज नसेल तर नोंद साठवून नंतर पाठवण्याची सोय ॲपमध्ये आहे, पण मुदतीच्या अखेरच्या दिवसांत सर्व्हरवर ताण आला की तिचा उपयोग मर्यादित राहतो. २०२५ च्या खरिपाआधी महाराष्ट्रात पीकविम्यासाठी गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीने झालेल्या नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागत असे, आणि अतिवृष्टीत वीज व टॉवर दोन्ही बंद असण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असे. कृषिपंपांना थ्री फेज वीज आठवड्याच्या पाळीनुसार दिवसा किंवा रात्री मिळत असल्याने फोनवरून पंप चालू-बंद करणारे मोबाइल स्टार्टर महाराष्ट्रात रुजले. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’ हे त्यातले ठळक उदाहरण. टूजीवर चालणाऱ्या स्टार्टरला जिओचे सिम चालत नाही, कारण त्या कंपनीचे टूजी जाळेच नाही.

सेवा नसलेल्या गावांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांतील ७,२८७ गावे निवडली आणि जुलै २०२२ मध्ये देशभरातील २४,६८० गावांची फोरजी योजना मंजूर केली. सेवेच्या दर्जाची मोजणी २०१७ पर्यंत सर्कलच्या सरासरीवर होत असे, म्हणजे पुणे-नागपूरचे चांगले आकडे गडचिरोलीचे वाईट आकडे झाकून टाकत. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना सेवाक्षेत्राचे नकाशे प्रसिद्ध करणे बंधनकारक केले आहे. ट्रायच्या प्रत्यक्ष चाचणीच्या गाड्या मुख्यतः शहरांतील रस्ते आणि महामार्गांवरून फिरतात. शेताकडे जाणाऱ्या पाणंद रस्त्यांवरची रेंज त्यांच्या नोंदीत येत नाही.