गिअरबॉक्स बदलला, झटके तसेच

जुन्या ऑटोमॅटिक गाडीला दुसरा गिअरबॉक्स बसवला, खिसा रिकामा झाला, आणि तरीही दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, काटा उडी मारतोच. अशी तक्रार घेऊन गॅरेजात गेलं की इंदुरात एक उत्तर ठरलेलं: "भिया, माल ही खराब निकला." असे बॉक्स बहुधा दिल्लीच्या मायापुरीसारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून येतात. आधी कोणी कसे वापरले, याचा पत्ता नसतो, त्यामुळे दोष त्यांच्या माथी मारणं सोपं. माल खराब निघतोही, नाही असं नाही. पण बॉक्स बदलतो तेव्हा फक्त हुकूम पाळणारा बदलतो. हुकूम देणारी केबल, सेन्सर, वायरिंग आणि कॉम्प्युटर ही मंडळी जुनीच राहतात.

ऑटोमॅटिकमध्ये गिअर पडतो म्हणजे काय होतं? आतल्या चाकांचे दाते कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. त्यातलं कोणतं चाक धरायचं आणि कोणतं मोकळं सोडायचं, यावर गिअर ठरतो. धरायचं काम तेलात बुडालेल्या क्लचप्लेटांचे गठ्ठे करतात आणि त्यांना दाबून धरतो तो तेलाचा दाब. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना एक पकड सुटते आणि त्याच क्षणी दुसरी बसावी लागते. ती उशिरा किंवा ढिली बसली, तर मधल्या वेळात इंजिन मोकाट पळतं. फार जोरात बसली, तर झटका. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये हायड्रामॅटिक आणला तेव्हा हा सगळा कारभार कॉम्प्युटरशिवाय, निव्वळ तेलाच्या दाबावर आणि झडपांवर चालत होता. पुढे गिअर कधी बदलायचा हे कॉम्प्युटर ठरवू लागला, तरी प्लेटा दाबायला आजही तेलच लागतं.

आता हा दाब किती हवा, हे बॉक्सला कळतं कसं? हळू चालवताना कमी दाब पुरतो, रेस दिली की जास्त लागतो. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच जपानी गाड्यांत ही खबर एक बारीक केबल देते. अॅक्सिलरेटरच्या केबलशेजारूनच ती निघते आणि थेट गिअरबॉक्सच्या पोटात जाते. माझा पहिला संशय नेहमी हिच्यावर. बॉक्स उतरवताना ती सोडावी लागते, परत लावताना नट जिथे हाताला लागेल तिथे आवळला जातो. बॉनेट उघडा, इंजिन बंद ठेवा, कोणाला तरी पेडल तळापर्यंत दाबून धरायला सांगा आणि केबलच्या तोंडाशी वाकून पाहा. आतल्या तारेवर दाबून बसवलेला धातूचा छोटा मणी दिसेल. टोयोटाच्या अशा कित्येक गाड्यांत पेडल पूर्ण दाबलेलं असताना मणी आणि बाहेरच्या आवरणाचं टोक यांत ० ते १ मिलिमीटर अंतर लागतं. केबल ढिली राहिली तर दाब कमी पडतो, गिअर लवकर बदलतात आणि प्लेटा घसरतात. जास्त ताणली तर गिअर उशिरा आणि धक्क्यानिशी पडतात. ढिल्या केबलवर गाडी तशीच दामटली, तर चांगला बॉक्सही आतून जळतो, आणि मग "माल खराब" हे मिस्त्रीचं भाकीत आपोआप खरं ठरतं.

तेलाची पाळी त्यानंतर. लाल दिसतं म्हणून सगळं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, सारखं नसतं. प्लेटांनी कसं पकडावं, ते तेलातल्या रसायनांवर ठरतं, म्हणून गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घालावं. पातळी बहुतेक गाड्यांत इंजिन गरम आणि चालू ठेवून मोजतात. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र इंजिन गरम करून बंद करायचं आणि मिनिट-दीड मिनिटात डिपस्टिक बघायची. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) रिकामा बसवला असेल, तर इंजिन सुरू होताच तो बरंच तेल पिऊन टाकतो, तेव्हा आधीचं माप विसरा. जास्त ओतलं तरी पंचाईतच: फिरणारे भाग तेल घुसळतात, फेस होतो, फेसातली हवा दाबली जाते आणि प्लेटांपर्यंत पुरता जोर पोहोचत नाही. तेल गुलाबी, दुधाळ दिसलं, तर रेडिएटरमधल्या ऑइल कूलरमधून कूलंट आत शिरलाय. मग दुरुस्तीला उशीर करू नका, त्याने प्लेटांवरचा थर सुटतो. जुन्या बॉक्सचा भुगाही याच कूलरमध्ये दडून बसतो. तो धुतला नसेल तर नव्या बॉक्सच्या झडपांत जाऊन अडकतो.

लिव्हरची केबल नीट जुळली आहे का आणि गिअरबॉक्सवरची अर्थिंगची पट्टी परत लावली का, ही दहा मिनिटांची कामं. जरा अलीकडच्या गाड्यांत कॉम्प्युटर जुन्या, झिजलेल्या प्लेटांच्या हिशेबाने दाब शिकून बसलेला असतो. स्कॅनरने ती शिकवण पुसून गाडी पुन्हा चालवावी लागते. पी०७३० हा कोड आला, तर वेग आणि आरपीएम यांचं गणित जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्लेटा घसरत असतील, स्पीड सेन्सर चुकत असेल, किंवा बॉक्स वेगळ्या मॉडेलचा, वेगळ्या रेशोचा (दात्यांच्या प्रमाणाचा) असेल. निव्वळ कोड बघून बॉक्स उतरवणाऱ्याकडे गाडी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं जागेवर असूनही गाडी अडखळत असेल, तर खंडवा रोडने भेरूघाट चढून या. थंड असताना ठीक आणि घाटात तापल्यावर घसरते, असं झालं तर संशय आत वळतो, कारण गरम तेल पातळ होतं आणि झिजलेल्या सीलमधून सहज निसटतं. बहुतेक बॉक्सना दाब मोजायचं गेज लावायला बाहेरून एक बोल्ट दिलेला असतो. गेज लावून थंड आणि गरम, दोन्ही वेळचा आकडा घ्यायला सांगा. गरम झाल्यावर दाब कोसळला तर पंप किंवा सील गेलेलं. दाब कायम आणि एकाच गिअरला घसरण, तर त्या गिअरचा क्लच. बॉक्स खरोखर उतरवायचा तो या दोन निकालांनंतरच.