कार्यप्रक्रियांचे सदृशीकरण

एखाद्या संस्थेतील कामाचा क्रम, त्याला लागणारा वेळ, माणसे व यंत्रे यांचे प्रतिमान तयार करून ते संगणकावर कल्पित काळात चालवून पाहण्याची पद्धत. बदलाचा परिणाम प्रत्यक्ष कामाला हात लावण्यापूर्वी अजमावता यावा, हा तिचा हेतू. ‘सिम्युलेशन’साठी अनुकरण हाही प्रतिशब्द रूढ आहे; त्यात नक्कल येते, पारख येत नाही, म्हणून येथे सदृशीकरण हा शब्द योजला आहे.

उगम : याविषयी मतभेद आहेत. स्तानिस्लाफ उलाम व जॉन फॉन नॉयमान यांनी १९४६ च्या सुमारास पुढे आणलेल्या माँटे कार्लो पद्धतीत (यादृच्छिक, म्हणजे दैवयोगाने निवडलेल्या, संख्यांनी वारंवार प्रयोग करून उत्तराचा अंदाज घेण्याच्या रीतीत) काही अभ्यासक हा उगम पाहतात. तेथे यादृच्छिक संख्या आहेत, पण रांग नाही. दुसरा पक्ष ए. के. एर्लांग यांच्या टेलिफोन वाहतुकीवरील १९०९ च्या निबंधापर्यंत मागे जातो. तेथे रांगेचे गणित आहे, पण प्रक्रिया चालवून पाहणे नाही. कामाचा क्रम, सामाईक यंत्रे आणि खोळंबा ही तिन्ही एकत्र आली ती ब्रिटनमधील युनायटेड स्टील या पोलाद उद्योगात. के. डी. टोचर यांनी तेथे सु. १९५८–६० मध्ये सदृशीकरणाची सर्वसाधारण आज्ञावली रचली. हाच उगम मानणे अधिक सयुक्तिक दिसते. जेफ्री गॉर्डन यांची जीपीएसएस (१९६१) आणि ओस्लो येथे घडलेली सिम्युला या सदृशीकरणाच्या संगणकभाषा त्यानंतरच्या. प्रक्रियांच्या आकृत्यांसाठीची बीपीएमएन चिन्हपद्धती २००४ मधील. तिच्या आकृत्यांना वेळ व आवकेची माहिती जोडणारे बीपीसिम मानक २०१३ चे.

कार्यपद्धती : गाळप हंगामातील कोल्हापूर जिल्ह्यातला साखर कारखान्याचा गाडीतळ उदाहरणादाखल घेता येईल. बैलगाडी, ट्रॅक्टर-ट्रॉली वा ट्रक वजनकाट्यावर येतो, गव्हाणीपाशी (ऊस गाळपाकडे नेणाऱ्या यंत्रणेपाशी) ऊस उतरवतो आणि रिकामे वजन करून परततो. आकृतीत हे तीन चौकोन होतात. समजा, दर ५ मिनिटांनी एक गाडी येते आणि भरल्या गाड्यांच्या काट्याला सरासरी ४ मिनिटे लागतात. नुसत्या सरासरीवर विसंबल्यास कोणालाच थांबावे लागत नाही. पण आवक पॉयसाँ (गाड्या एकमेकींशी संबंध न ठेवता अनियमितपणे येतात अशी) आणि वजनाचा वेळ घातांकी वितरणाचा (बहुतेकदा थोडा, क्वचित फार मोठा) मानला, तर काट्यापुढे सरासरी १६ मिनिटे मोडतात. आवक दर साडेचार मिनिटांवर आली की ३२. आवक केवळ नवव्या हिश्श्याने वाढली, खोळंबा दुप्पट झाला. वजनाचा वेळ अगदी ठरीव असेल, तर हे आकडे निम्मे होतात. इतपत सूत्रानेही निघते. मात्र संध्याकाळी ऊसतोड टोळ्यांच्या गाड्या एकदम येणे, गव्हाण बंद पडणे, ट्रक व बैलगाडी यांच्या वेळांतील तफावत हे सारे एकत्र आले की सूत्र अपुरे पडते. तेथे सदृशीकरण लागते.

पडताळणी : प्रतिमान आधी जसेच्या तसे चालवून नोंदींशी ताडावे लागते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम येथे सोपी कसोटी ठरतो : तळावरील सरासरी गाड्या म्हणजे ताशी आवक गुणिले तळावरील सरासरी मुक्काम. ताशी १२ गाड्या आणि ५ तास मुक्काम असेल, तर तळावर ६० गाड्या दिसायला हव्यात. न दिसल्यास एक तर नोंद चुकीची, नाही तर प्रतिमान. रिकाम्या तळापासून आरंभ केल्यास सुरुवातीचे निकाल फसवे येतात, म्हणून तेवढा काळ वगळतात. शिवाय एका धावेवर निष्कर्ष काढत नाहीत. वेगवेगळ्या यादृच्छिक संख्यांनी धावा पुन्हा घेऊन निकालांची व्याप्ती देतात. हे टाळून रंगीत चलत्चित्रावर भाळणे हा नवख्यांचा नेहमीचा दोष.

सुधारणा : पर्याय एकेक करून चालवतात. अडसर गव्हाणीचा असेल, तर दुसरा वजनकाटा बसवल्याने रांग फक्त काट्यापुढून गव्हाणीपुढे सरकते. टोळ्यांना तोडणीच्या पाळ्या वाटून देणे त्यापेक्षा स्वस्त पडू शकते, आणि ऊस तळावर कमी वाळतो.

शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फौंड्रींमध्ये साचेकाम, ओतकाम व फेटलिंग (ओतीव वस्तूंची साफसफाई) यांच्या जुळणीला हीच रीत लागू पडते. तेथे ओतलेले साचे निवण्याचा वेळ प्रतिमानात स्वतंत्रपणे धरावा लागतो.