लूट बॉक्स

लूट बॉक्स म्हणजे व्हिडिओ गेममधली बंद पेटी. ती खेळून मिळते किंवा पैसे देऊन विकत घेता येते, आणि उघडेपर्यंत आत काय आहे ते घेणाऱ्याला कळत नाही. आत बंदुकीवर चढवायची स्किन असेल, एखादं कॅरेक्टर असेल, फुटबॉलच्या गेममध्ये खेळाडूचं कार्ड असेल. गेमगणिक नाव बदलतं, कुठे क्रेट, कुठे केस, कुठे पॅक, कुठे नुसतं स्पिन, आणि जपानी वळणाच्या मोबाईल गेममध्ये गाचा, पण व्यवहार सगळीकडे एकच, पैसे आधी द्यायचे आणि वस्तू नशिबाने मिळणार.

ज्यांनी गावच्या जत्रेत किंवा शाळेजवळच्या दुकानात सोरट खेळलंय त्यांना हे वेगळं समजवायची गरजच नाही. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, नाणं द्यायचं, एक चिठ्ठी ओढायची, नंबर निघेल ते बक्षीस, बहुतेक वेळा गोळी किंवा प्लास्टिकची शिट्टी, आणि वर टांगलेलं घड्याळ दिवसभर तिथेच. पण सोरट आणि लूट बॉक्समध्ये दोन मोठे फरक आहेत आणि माझ्या मते सगळा वाद या दोन फरकांचाच आहे. सोरटचा पुठ्ठा डोळ्यासमोर असतो, किती चिठ्ठ्या उरल्यात आणि घड्याळ अजून लटकतंय का हे लहान पोरालाही दिसतं, आणि चिठ्ठ्या कधीतरी संपतात. लूट बॉक्सचा पुठ्ठा कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि त्याच्या चिठ्ठ्या कधीच संपत नाहीत.

आकडे काय सांगतात

काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या गेममध्ये २०१३ च्या ऑगस्टपासून केस आल्या. केस खेळता खेळता फुकट मिळते पण ती उघडायची चावी विकत घ्यावी लागते, किंमत साधारण अडीच डॉलर. आत काय मिळायची शक्यता किती हे कंपनीने कित्येक वर्षं सांगितलंच नाही, २०१७ मध्ये चीनमध्ये आकडे जाहीर करायची सक्ती झाली तेव्हा तिथल्या वितरकाने ते छापले. सगळ्यात साधी निळी स्किन ७९.९२ टक्के, जांभळी १५.९८, गुलाबी ३.२, लाल ०.६४, आणि ज्याच्यासाठी सगळे केस उघडतात तो चाकू किंवा ग्लोव्हज ०.२६ टक्के. म्हणजे सरासरी ३८५ केसमागे एक. आता ३८५ ला अडीचने गुणा, साधारण ९६० डॉलर झाले, आणि हीसुद्धा सरासरीच, ३८६ व्या वेळी चाकू मिळेलच असं कुणी लिहून दिलेलं नाही, कारण प्रत्येक केस नव्याने सुरू होते आणि आधी किती उघडल्या हे ती लक्षात ठेवत नाही.

गेन्शिन इम्पॅक्टसारख्या गाचा गेममध्ये जरा वेगळं असतं. तिथे पाच स्टार कॅरेक्टरचा मूळ रेट ०.६ टक्के, पण ९० वेळा ओढूनही काही मिळालं नाही तर ९० व्या वेळी पाच स्टार नक्की, याला खेळणारे पिटी म्हणतात. ऐकायला दयाळू वाटतं. पण ७० वेळा ओढून झालेल्या माणसाला ही पिटीच थांबू देत नाही, आता सोडलं तर आधीचे सगळे वाया गेले असं वाटतं, आणि ९० व्या वेळी जे येतं ते हवं तेच कॅरेक्टर असेल याचीही पहिल्या खेपेला खात्री नाही. शिवाय इथे पैसे थेट कुठे दिसतच नाहीत. आधी रुपये देऊन क्रिस्टल घ्यायचे, क्रिस्टलचे प्रिमोजेम करायचे, १६० प्रिमोजेमची एक विश, म्हणजे एकदा ओढणं. फ्री फायरमध्ये डायमंड, बीजीएमआयमध्ये, म्हणजे पबजीच्या भारतीय आवृत्तीत, यूसी. दोन-तीनदा नाणं बदललं की आपण आत्ता नक्की किती रुपये उडवले हा हिशोब डोक्यात राहत नाही, मोठ्या माणसाच्याही नाही, मग बारा वर्षांच्या पोराचं काय घेऊन बसलात.

उघडतानाचा तमाशाही बघण्यासारखा आहे. वस्तूंची पट्टी सरसर सरकते, आवाज टकटक करत मंदावतो, चाकूचं चिन्ह अगदी जवळून जातं आणि काटा निळ्यावर थांबतो. निकाल पट्टी थांबायची वाट बघत नसतो, पट्टी नुसती दाखवायला आहे. थोडक्यात हुकलं ही भावना मुद्दाम तयार केली जाते. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर दाखवलं होतं की दर वेळी दाणा मिळाला तर जनावर शांत असतं, पण कधी मिळतो कधी नाही असं केलं की ते कळ दाबतच राहतं. कसिनोतलं स्लॉट मशीन याच नियमावर चालतं.

कुठून आलं

गाचा हे नाव आलं जपानच्या गाचापोनवरून, म्हणजे नाणं टाकून मूठ फिरवली की प्लास्टिकच्या गोळ्यात खेळणं बाहेर पडतं ती मशीन. २००४ मध्ये मेपलस्टोरी या कोरियन ऑनलाइन गेमच्या जपानी आवृत्तीत १०० येनचं गाचापोन तिकीट आलं, लूट बॉक्सची सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात. पश्चिमेकडे २००९ मध्ये फिफा या फुटबॉल गेमच्या अल्टिमेट टीमचे पॅक आले, २०१० मध्ये टीम फोर्ट्रेस २ चे क्रेट, आणि पुढच्या वर्षी तो गेमच फुकट झाला. हे फार महत्त्वाचं वळण आहे, कारण तोपर्यंत गेम एकदा विकत घ्यायचा आणि खेळायचा असा सरळ सौदा होता, फुकट झाल्यावर कंपनीची सगळी कमाई आतल्या दुकानावर आली आणि मग गेमची रचनाच दुकानाच्या सोयीने व्हायला लागली. २०१६ च्या ओव्हरवॉचमध्ये तर विकत घेतलेल्या गेममध्येही लूट बॉक्स होते, फक्त दिसण्याच्या गोष्टींसाठी, म्हणून लोकांनी फार ओरड केली नाही.

ओरड झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ हा ६० डॉलरचा गेम, आणि त्यात डार्थ व्हेडरसारखी पात्रं कुलुपात, व्हेडर उघडायला ६०,००० क्रेडिट, जे खेळून कमवायला कित्येक तास लागणार. वर लूट बॉक्समधून मिळणाऱ्या कार्डांनी खेळात खरोखरची ताकद वाढत होती, म्हणजे ज्याने पैसे टाकले तो पुढे. गेमच्या कंपनीने, इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने, रेडिट या चर्चेच्या साइटवर याचं समर्थन करणारं उत्तर दिलं, त्याला साडेसहा लाखांहून जास्त नापसंतीची मतं पडली आणि गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. कंपनीने आकडा १५,००० वर आणला, तरी लोक ऐकेनात, शेवटी गेम बाजारात यायच्या काही तास आधी आतली सगळी खरेदीच बंद केली. गेमिंगच्या इतिहासात ग्राहकांनी इतक्या झटक्यात काही मागे घ्यायला लावल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. पण मला यातलं खरं महत्त्व पुढच्या गोष्टीत वाटतं, तोपर्यंत हा प्रश्न फक्त खेळणाऱ्यांचा होता, त्यानंतर तो सरकारी टेबलांवर गेला.

जुगार की नाही

जपानने हा प्रश्न त्याच्या पाच वर्षं आधीच हातात घेतला होता. तिथे कोम्पू गाचा नावाचा प्रकार होता, ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमला की मोठं बक्षीस, आणि शेवटची वस्तू काही केल्या निघायची नाही. २०१२ च्या मे महिन्यात ग्राहक संरक्षण यंत्रणेने हे बेकायदा ठरवलं. साध्या गाचाला हात लावला नाही.

बेल्जियमने २०१८ च्या एप्रिलमध्ये सगळ्यात कडक भूमिका घेतली. पैसे लागले, निकाल नशिबावर, हार-जीत आहे, मग मिळालेली वस्तू बाहेर विकता येवो न येवो, जुगारच. दंड आठ लाख युरोपर्यंत आणि तुरुंगही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०१९ च्या जानेवारीअखेर तिथे फिफा पॉइंट, म्हणजे पॅक घ्यायचं गेममधलं नाणं, विकणं थांबवलं. शेजारच्या नेदरलँड्समध्ये त्याच कंपनीला एक कोटी युरोचा दंड झाला, पण २०२२ च्या मार्चमध्ये वरच्या न्यायालयाने तो रद्द केला, कारण पॅक हा वेगळा खेळ नसून कौशल्याच्या मोठ्या खेळाचा भाग आहे असं त्यांचं म्हणणं पडलं. ब्रिटनच्या संसदीय समितीपुढे २०१९ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांनी याला किंडर अंड्याची उपमा दिली होती, आत खेळणं निघतं तसं सरप्राइज. पुढे २०२२ मध्ये ब्रिटन सरकारने जुगाराचा कायदा बदलायचा नाही असं ठरवलं.

बेल्जियम सोडलं तर या वादात एकच कसोटी पुन्हा पुन्हा येते, आतून मिळालेल्या वस्तूचे पैसे करता येतात का. मला ही कसोटीच चुकीच्या बाजूने लावलेली वाटते. पैसे बाहेर येत नाहीत म्हणून जुगार नाही असं म्हणायचं, म्हणजे जिथे जिंकायची शक्यताच नाही ती जागा सुरक्षित ठरली! नुकसान होतं ते पैसे आत जाताना. डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स या संशोधकांनी २०१८ मध्ये सात हजारांवर खेळणाऱ्यांची माहिती तपासली तेव्हा दिसलं की ज्यांना जुगाराची समस्या जास्त त्यांचा लूट बॉक्सवरचा खर्चही जास्त. कशामुळे काय होतं हे त्यातून सिद्ध होत नाही, कदाचित जुगाराकडे ओढ असलेलेच इकडे येत असतील, पण मग तशा माणसाच्या खिशावर चालणारा धंदा म्हणून तरी त्याकडे बघायला हवं ना.

आणि काही ठिकाणी पैसे बाहेरही येतातच. काउंटर-स्ट्राइकच्या स्किन स्टीम या वाल्व्ह कंपनीच्या ऑनलाइन दुकानातल्या बाजारात विकल्या जातात, ही कंपनी त्याच गेमची, बाहेरच्या साइटवर रोख रकमेलाही जातात, आणि २०१६ पर्यंत त्यांना चिप्स म्हणून वापरणाऱ्या जुगाराच्या साइट इतक्या वाढल्या की त्या वर्षी जुलैत वाल्व्हने त्यांना बंद करायच्या नोटिसा पाठवल्या. अशाच एका साइटची जाहिरात करणारे दोन यूट्यूबर स्वतःच तिचे मालक निघाले होते, बघणाऱ्या पोरांना हे माहीतच नव्हतं.

आकडे जाहीर करायला लावणं हा मधला मार्ग बऱ्याच देशांनी घेतला. चीनने २०१७ पासून, ॲपलने त्याच वर्षाच्या शेवटी आपल्या स्टोअरमधल्या सगळ्या गेमना, दक्षिण कोरियाने २०२४ च्या मार्चपासून. कोरियाची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. सोरट खेळताना आम्हाला कायम संशय असायचा की घड्याळाची चिठ्ठी दुकानदाराने आधीच काढून ठेवलीय. २०२४ च्या जानेवारीत तिथल्या व्यापार आयोगाने मेपलस्टोरीच्या नेक्सॉन कंपनीला सुमारे ११६० कोटी वॉनचा दंड केला, कारण क्यूब नावाच्या रँडम वस्तूचे ऑड्स, म्हणजे त्यातून चांगलं निघायचे आकडे, कंपनीने खेळणाऱ्यांना न सांगता कमी केले होते आणि २०११ पासून काही हवीहवीशी कॉम्बिनेशन निघायची शक्यता चक्क शून्य करून ठेवली होती. लोक वर्षानुवर्षं जी चिठ्ठी ओढत होते ती पुठ्ठ्यावर नव्हतीच.

बंदीचंही सगळं सोपं नाही. बेल्जियममध्ये चार वर्षांनी तपासलं तर सगळ्यात जास्त कमाई करणाऱ्या १०० आयफोन गेमपैकी ८२ मध्ये लूट बॉक्स होतेच, कारण कायदा होता पण राबवणारी माणसं पुरेशी नव्हती. अमेरिकेत २०२५ च्या जानेवारीत गेन्शिन इम्पॅक्टच्या कंपनीने दोन कोटी डॉलर भरून तडजोड केली, आणि १६ वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय लूट बॉक्स विकायचे नाहीत ही अट आली. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या सप्टेंबरपासून विकतचे लूट बॉक्स असलेल्या नव्या गेमला किमान एम रेटिंग, म्हणजे १५ वर्षांखालच्यांना योग्य नाही असा शेरा.

भारतात

आपल्याकडे पबजी मोबाईल २०२० च्या सप्टेंबरमध्ये बंद झाला तो डेटा आणि देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून, क्रेटचा त्यात काही संबंध नव्हता. पुढच्या वर्षी बीजीएमआय आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांसाठी रोज तीन तास खेळायची आणि रोज ७,००० रुपये खर्चाची मर्यादा सांगितली होती. सात हजार रोजचे, महिन्याचे दोन लाख दहा हजार, ही अल्पवयीन मुलासाठीची मर्यादा, महाराष्ट्रातल्या किती घरांत महिन्याला एवढी कमाई येते ते ज्याने त्याने बघावं. घरी मोबाईल बहुतेक आईचा किंवा बाबांचा, यूपीआयचा पिन पोरांना पाठ, आणि बँकेचा मेसेज कामाच्या गडबडीत कोण वाचतो.

महाराष्ट्रात जुगारावरचा कायदा १८८७ चा, तो अड्डे, पत्ते आणि आकडे डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला. केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये आला आणि पैसे लावून पैसे जिंकायचे गेम, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, त्याने बंद केले, फँटसी क्रिकेट आणि ऑनलाइन रमीवाल्यांना दुकानं आवरावी लागली. पण त्या कायद्यातही लूट बॉक्सचं नाव नाही, व्याख्या पैसे किंवा तशा लाभाच्या अपेक्षेभोवती फिरते, आणि बीजीएमआयची स्किन अधिकृतपणे कुणाला विकताच येत नाही. म्हणजे तीच बाहेर येणाऱ्या पैशाची कसोटी इथेही आली.

पर्याय नाहीत असंही नाही. फोर्टनाइटच्या सेव्ह द वर्ल्डमध्ये २०१९ पासून पेटीत काय आहे ते विकत घेण्याआधीच दिसतं. रॉकेट लीगने त्याच वर्षाच्या शेवटी विकतचे क्रेट काढून टाकले, मारिओ कार्ट टूरने २०२२ मध्ये गाचा बंद करून सरळ दुकान लावलं, किंमत लिहिलेली, वस्तू समोर. तिन्ही गेम त्यानंतरही चालू राहिले.